चॅट्सवर्थची बाग पाहायला जाताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मे महिना उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा, सासू-सासरे, मामा-मावशी येऊ लागतात. लंडन बघून होतं, मग उत्तरेकडे आल्यावर चॅट्सवर्थचं नाव निघतं. बहुतेक जण तीन तास वाड्याच्या दालनांत घालवतात आणि बागेला उरलेला अर्धा तास देतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. तिथे येणाऱ्या आपल्या माणसांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

चॅट्सवर्थ म्हणजे नेमकं काय, आणि ते कुठे आहे?

डर्बीशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागात, डरवेंट नदीच्या काठी डेव्हनशरच्या ड्यूकचं हे पिढीजात घर आहे. 1549 मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्यांची बायको बेस ऑफ हार्डविक यांनी ही जागा विकत घेतली. आज दिसणारा वाडा बऱ्याच अंशी पहिल्या ड्यूकने 1687 नंतर बांधून घेतलेला आहे. बाग 105 एकरांची आहे. तिच्याभोवती नदीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली मोठी कुरणं आहेत, त्यांना तिथे ‘पार्क’ म्हणतात. बाग आणि पार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा, तिकिटाच्या वेळी ते कामाला येईल.

बाग म्हणजे फुलांचे ताटवे का? आम्ही ऊटी, म्हैसूर पाहिलं आहे.

फुलं आहेत, पण फुलांसाठी म्हणून गेलात तर निम्मी बाग नजरेतून निसटेल. ही मुळात आखीव बाग आहे. सरळ रेषा, पाण्याचे चौकोन, ओळीने लावलेली आणि कातरून एका उंचीत ठेवलेली झाडं, आणि वाड्याच्या खिडकीतून पाहिल्यावर जुळून येणारा नकाशा. औरंगाबादला बीबी का मकबऱ्यात मधल्या पाण्याच्या पट्ट्यावरून नजर थेट घुमटाकडे जाते, तीच युक्ती इथेही आहे, फक्त घडण फ्रेंच वळणाची.

1690 च्या दशकात जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइज या त्या काळच्या नामांकित बागकारांनी इथे भूमितीचा पसारा मांडला होता. त्या वेळच्या कोरीव चित्रांत वाड्याच्या चारी बाजूंना गालिचे अंथरल्यासारखे वाफे दिसतात. मग अठराव्या शतकाच्या मध्याला हवा बदलली. चौथ्या ड्यूकने ‘कॅपेबिलिटी’ ब्राऊन या बागकाराला बोलावलं. त्याने बरेचसे वाफे मोडून हिरवळ केली आणि नदीपलीकडचे उतार असे घडवले की ते निसर्गानेच केलेत असं वाटावं. एकोणिसाव्या शतकात मुख्य माळी म्हणून जोसेफ पॅक्स्टन आला आणि त्याने प्रचंड खडक, काचघरं, कारंजी उभी केली. विसाव्या शतकात पुन्हा कातरलेल्या कुंपणांकडे मोर्चा वळला. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचं सगळं पुसलं नाही, काही ना काही ठेवलं. म्हणून इथे फिरताना शंभर पावलांत शतक बदलतं, आणि त्यासाठीच ही बाग सावकाश पाहायची.

आधी घर की आधी बाग?

सकाळी उघडल्याबरोबर बाग. दुपारी पाऊस आला तर घर आहेच. बागेला किमान तीन तास द्या, चालण्याची सवय असेल तर चार.

एक अपवाद करा. घराच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांशी मात्र जरा थांबा. खाली बॉक्स नावाच्या पिवळसर झुडपांच्या ठेंगण्या कुंपणाने जमिनीवर एक आकृती काढलेली दिसेल. ती लंडनजवळच्या चिझिक हाऊसचा तळनकाशा आहे, तेही एके काळी याच घराण्याचं घर होतं. ही आकृती वरूनच नीट कळते.

मोठं कारंजं पंपाने उडतं का? आणि ते कधी चालू असतं?

पंप नाही. एंपरर फाउंटन निव्वळ उताराच्या जोरावर उडतं, आणि 1844 पासून तसंच उडतं आहे. वाड्यामागच्या डोंगरावर, कारंज्यापेक्षा सुमारे साडेतीनशे फूट उंचीवर, पॅक्स्टनने आठ एकरांचं तळं खोदून घेतलं. माळावरचं पाणी चर काढून त्यात आणलं आणि तिथून लोखंडी नळाने खाली सोडलं. रशियाचा झार निकोलस पहिला भेटीला येणार अशी बातमी होती, म्हणून सहा महिन्यांत, रात्री मशालींच्या उजेडात माणसं लावून, हे काम पुरं केलं. झार इंग्लंडला आला, चॅट्सवर्थला आलाच नाही. कारंज्याला नाव मात्र त्याचंच राहिलं.

पूर्ण जोरात पाण्याची धार 90 मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा उंच. पुण्याच्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. कात्रजच्या तलावाचं पाणी उच्छ्वासांच्या, म्हणजे बांधीव हौदांच्या, वाटेने शनिवारवाड्यात येत होतं ते याच न्यायाने. 1893 मध्ये याच पाण्यावर टर्बाइन बसवून वाड्यात वीज आणली, ती 1936 पर्यंत चालली. 1988 मध्ये नवी टर्बाइन बसली.

रोज पूर्ण उंची दिसेलच असं नाही. उन्हाळा कोरडा गेला की तळ्यातलं पाणी जपावं लागतं, आणि जोराचा वारा असला की धार कमी करतात, नाहीतर सगळा तुषार येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पडतो. आत शिरताना फाटकावरच्या माणसाला ‘आज कारंजं किती वाजता?’ एवढं विचारा, ती माणसं आनंदाने सांगतात. पाहायची जागा म्हणाल तर कॅनाल पाँडचं दक्षिण टोक. हा लांबलचक आयताकृती तलाव 1702 मध्ये खोदला, आणि त्यासाठी समोरचा एक उंचवटा हटवावा लागला. त्या टोकाला उभं राहून घराकडे वळलात की वाडा थेट पाण्यातून वर आल्यासारखा दिसतो आणि धार त्याच्या पुढ्यात उभी राहते. फोटो इथूनच काढा, जवळ जाऊन काढलेल्या फोटोत उंची कळत नाही.

कॅस्केडविषयी ऐकलं आहे. ते कसं पाहायचं?

माझ्या मते बागेतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच. पूर्वेच्या उतारावर दगडी पायऱ्यांचा रुंद पट्टा आहे आणि त्यावरून पाणी खाली उतरतं. फ्रान्सचा बागकार आंद्रे ल नोत्र याचा शिष्य ग्रिये याने 1690 च्या दशकात ते घडवलं. माथ्यावरचं छोटं घुमटाचं मंदिर थॉमस आर्चरचं, 1703 सालचं. त्या मंदिराच्या छपरावरूनही पाणी ओघळेल अशी सोय केलेली आहे.

चोवीस टप्पे आहेत आणि ते एकसारखे नाहीत. कुणाची रुंदी जास्त, कुणाला मध्ये आणखी पायऱ्या, कुणाची कड वेगळ्या घडणीची. त्यामुळे पाणी एका टप्प्यावर सळसळतं, पुढच्यावर खळखळतं, त्याच्या पुढे नुसतं दगडाला चाटून जातं. काठाने चढत जाताना दर काही पावलांवर आवाज बदलतो. हे कान देऊन ऐकायचं आहे, म्हणून तेवढा वेळ फोन खिशात ठेवा. वर पोचल्यावर मागे वळा. पायऱ्यांच्या रेषेत वाडा, त्यापलीकडे नदी आणि ब्राऊनने घडवलेले उतार, असा साठ-सत्तर वर्षांच्या अंतराने झालेल्या कामांचा मेळ एका नजरेत येतो.

जुन्या बांधकामाला गळती लागल्यामुळे कॅस्केडच्या मोठ्या दुरुस्तीचं काम हाती घेतलेलं आहे. पाणी सुरू आहे की नाही हे निघण्याआधी चॅट्सवर्थच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, म्हणजे वडीलधाऱ्यांना उगाच तेवढा चढ चढवावा लागणार नाही.

भूलभुलैयाच्या जागी पूर्वी काचेचा महाल होता, हे खरं का?

खरं आहे. पॅक्स्टनने 1836 ते 1840 या काळात तिथे ‘ग्रेट कॉन्झर्व्हेटरी’ बांधली. 277 फूट लांब आणि 123 फूट रुंद अशी ही काचेची इमारत होती. आत ताड, केळी, नेचे. मधल्या रस्त्यावरून घोडागाडी जाऊ शके. 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी आली तेव्हा हजारो दिवे लावून ती उजळली होती. उष्ण कटिबंधातली झाडं डर्बीशरच्या थंडीत जगवायची तर आठ भट्ट्या सतत पेटत्या ठेवाव्या लागत. कोळसा आणि धूर पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून कोळशाचे डबे जमिनीखालच्या बोगद्यातून आणत. तो बोगदा अजून आहे.

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना आणि माणसंही उरली नाहीत. भट्ट्या थंडावल्या, झाडं मेली. 1920 मध्ये इमारत सुरुंगाने उडवली, आणि तीही एका फटक्यात पडली नाही. 1962 मध्ये त्याच पायावर ‘यू’ नावाची 1,209 सदाहरित झाडं लावून भूलभुलैया केला. मुलं आत धावत सुटतात ते ठीकच, पण बाहेरच्या दगडी भिंती पाहत एक चक्कर जरूर मारा. केवढी इमारत होती याचा अंदाज त्या भिंतींवरूनच येतो.

हा पॅक्स्टन कोण? सगळीकडे त्याचंच नाव का?

शेतकऱ्याचा मुलगा, फारसं शिक्षण नाही. 1826 मध्ये सहाव्या ड्यूकने त्याला मुख्य माळी नेमलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्याच्या पहिल्या दिवसाची हकिगत त्यानेच सांगून ठेवली आहे. पहाटे साडेचारला तो पोचला, दारं बंद होती, म्हणून भिंत चढून आत उतरला. सगळी बाग पायाखाली घातली, सहा वाजता कामगार आले तेव्हा त्यांना कामं वाटून दिली, वर जाऊन कारंजी पाहिली, आणि नाश्त्याला बसला तो ड्यूकच्या कारभारणीच्या भाचीसमोर, सेरा बाऊनसमोर. नऊ वाजण्याआधी दोघांचं मन जुळलं होतं. पुढे लग्न झालं, आणि पॅक्स्टन गावोगाव कामं करत असताना चॅट्सवर्थचे हिशेब आणि माणसं सेराने सांभाळली. तिच्या वाट्याचं श्रेय तिला क्वचितच दिलं जातं.

नोव्हेंबर 1849 मध्ये पॅक्स्टनने अ‍ॅमेझॉनच्या राक्षसी कमळाला इथे फूल आणून दाखवलं. त्याच्या पानावर त्याची छोटी मुलगी उभी राहू शकली. पानाखालच्या शिरांची ती मजबूत जाळी पाहूनच पुढे काचघराच्या छपराची रचना सुचली असं तो सांगे, आणि त्याच अनुभवातून लंडनचा 1851 चा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला.

आपल्या केळ्यांचा चॅट्सवर्थशी काय संबंध?

जळगावची माणसं बरोबर असली की हा भाग मी कधीच चुकवत नाही. पॅक्स्टनला मॉरिशसहून आलेलं केळीचं एक रोप मिळालं. मूळ जात दक्षिण चीनची. ते त्याने चॅट्सवर्थच्या काचघरात वाढवलं आणि 1835 च्या नोव्हेंबरात त्याला फूल आलं. ड्यूकच्या घराण्याचं नाव कॅव्हेंडिश, म्हणून जातीला नाव मिळालं ‘म्यूझा कॅव्हेंडिशी’. इथली रोपं मिशनऱ्यांबरोबर सामोआ बेटांपर्यंत गेली. विसाव्या शतकात ‘ग्रो मिशेल’ ही जगभर विकली जाणारी केळी पनामा रोगाने बुडाली, तेव्हा व्यापाराने कॅव्हेंडिश गटाचा आधार घेतला.

रावेर-यावलच्या बागांतली बसराई, श्रीमंती आणि आजची ग्रँड नैन, जिला शेतकरी ‘जी-नाइन’ म्हणतो, या सगळ्या याच कॅव्हेंडिश गटातल्या. जळगावची केळी चॅट्सवर्थहून आली असा याचा अर्थ नव्हे. या गटाच्या केळी आशियात आधीपासून होत्या. गटाचं नाव तेवढं या डोंगरातल्या थंडगार जागेच्या घराण्याचं. पण खानदेशातल्या माणसाला बागेत उभं करून हे सांगितलं की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

इथे हिंदुस्थानातून आणलेली झाडं आहेत का?

आणली होती, आणि ती कहाणी माहीत असलेली बरी. 1835 मध्ये पॅक्स्टनने जॉन गिब्सन या तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवलं, मुख्यतः ब्रह्मदेशातल्या लालभडक घोसांच्या अ‍ॅमहर्स्टिया या झाडासाठी. तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वॉलिच यांनी त्याला मदत केली. गिब्सन मग चेरापुंजीकडे, खासी टेकड्यांत गेला आणि 1837 मध्ये ऑर्किडच्या पेट्या भरून परतला. त्यातल्या एका फुलाला ड्यूकच्या नावावरून ‘डेंड्रोबियम डेव्होनियानम’ आणि दुसऱ्याला ‘डेंड्रोबियम गिब्सनी’ ही नावं मिळाली. ज्यांच्या रानात ती फुलत होती त्या खासी माणसांपैकी कुणाचं नाव त्यांत नाही. बागेच्या वैभवाबरोबर ही बाजूही पाहुण्यांना सांगावी असं मला मनापासून वाटतं, विशेषतः मुलांना.

कोणत्या महिन्यात जावं?

मे अखेर ते जून मध्य, कारण रोडोडेंड्रॉन आणि अझेलिया तेव्हा भरात असतात. गुलाब जून-जुलैत. ऑक्टोबरमध्ये ‘बीच’ नावाच्या झाडांची पानं तांबूस होतात आणि गर्दी कमी असते, मला स्वतःला हाच महिना जास्त आवडतो. तारखा आणि वेळा हंगामानुसार बदलतात, हिवाळ्यात काही काळ सगळं बंदही असतं.

जूनमध्येही स्वेटर आणि पावसाळी जाकीट बरोबर हवंच. आईंना साडीवर बूट घालायला संकोच वाटतो, पण ओल्या गवतावर चप्पल सरकते, तेव्हा बूटच घालायला लावा.

वाकडंतिकडं कुंपण कुठे आहे?

त्याचं नाव सर्पेंटाइन हेज. बीच झाडांच्या दोन समांतर ओळी 1953 मध्ये नागमोडी लावल्या आणि दरवर्षी कातरून त्याच वळणात ठेवल्या. आत चालताना पुढचं काहीच दिसत नाही, दर वळणाला पायवाट नवी होते. हिवाळ्यातही वाळकी पानं फांदीला धरून असतात, त्यामुळे भिंत उघडी पडत नाही. साऊथ लॉनवर लिंडन झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंफून केलेल्या ओळी आहेत, त्याही त्याच सुमाराच्या. दुसऱ्या महायुद्धात वाड्यात मुलींची शाळा होती. 1950 मध्ये दहावे ड्यूक वारले आणि वारसावर 80 टक्के मृत्युकर आला. त्या ओढग्रस्तीच्या वर्षांत, घर राहील की जाईल हेही ठरलेलं नसताना, कुणीतरी पन्नास वर्षांनी डौलदार दिसेल असं कुंपण लावत होतं याचं मला फार कौतुक वाटतं.

गुडघे दुखतात, जमेल का?

खालचा भाग जमेल. साऊथ लॉन, सीहॉर्स कारंजं, कॅनाल पाँड, गुलाबाची बाग हे बरंचसं सपाट आहे. कॅस्केडचा माथा आणि रॉक गार्डनमध्ये चढ, पायऱ्या, खडबडीत दगड आहेत. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आधी फोन करून सांगा. खडीच्या वाटांवर ती ढकलायला जोर लागतो, तेव्हा बरोबर तरणा माणूस असू द्या.

लहान मुलांना कंटाळा येईल का?

नाही. भूलभुलैया आहे, आणि विलो ट्री कारंजं आहे. हे तांब्याचं खोटं झाड आहे, त्याच्या फांद्यांतून अचानक पाणी उडतं. पाहुण्यांना भिजवण्याची ही गंमत सतराव्या शतकापासून चालत आली आहे, झाड मात्र मधल्या काळात नव्याने घडवलेलं. कपड्यांचा जादा जोड घ्या.

हिरवळीवर चाललं तर ओरडतील का? फुलं तोडली तर?

हिरवळीवर खुशाल चाला, बसा, सतरंजी अंथरा. त्यांतली सॅलिसबरी लॉन ब्राऊनच्या काळापासूनची आहे आणि त्यात गवताबरोबर कितीतरी बारीक रानफुलं आहेत, जरा वाकून पाहा. फुलं मात्र तोडू नका, देवाला वाहायलासुद्धा नाही. पडलेलं फूल उचललं तर कुणी काही म्हणत नाही.

डबा नेता येईल का?

येईल. पुरी-भाजी, दशम्या, चटणी-पोळी, काहीही. कचरा परत न्या. उपाहारगृहात शाकाहारी पदार्थ मिळतात, पण रविवारी रांग मोठी असते.

तिकीट महाग वाटतं. काही मार्ग?

फक्त बागेचं तिकीट घर-आणि-बाग तिकिटापेक्षा स्वस्त असतं, आणि आधी ऑनलाइन काढलेलं बरं. गाडी उभी करण्याचे पैसेही त्याच वेळी पाहून घ्या. पार्कमध्ये चालायला तिकीट लागत नाही. नदीकाठाने, दगडी पुलावरून, मेंढ्यांमधून एडन्सर गावापर्यंत जाता येतं, आणि ब्राऊनचं काम तर पार्कातूनच उत्तम दिसतं.

गाडी नसेल तर?

लंडनच्या सेंट पँक्रसहून चेस्टरफील्डला रेल्वेने साधारण दोन तास, तिथून टॅक्सी. शेफील्डहून बेकवेलला जाणारी 218 क्रमांकाची बस चॅट्सवर्थला थांबते. परतीच्या बसची वेळ उतरतानाच पाहून ठेवा, संध्याकाळी फेऱ्या कमी होतात.

एकच तास हाताशी असेल तर?

घर सोडून द्या. सरळ साऊथ लॉनवर जा, सीहॉर्स कारंज्यापाशी पाच मिनिटं थांबा, कॅनाल पाँडच्या काठाने टोकापर्यंत चाला आणि तिथून घर पाहा. परतताना वर वळून सर्पेंटाइन हेजमधून जा, आणि पाणी सुरू असेल तर कॅस्केडच्या निदान पहिल्या दहा टप्प्यांपर्यंत चढा. भूलभुलैयात शिरू नका, त्यातून एका तासात बाहेर पडण्याची खात्री नाही.